लॅबच्या भिंतीवरचे नियम कुणी लिहिले? अपघातांचा थोडा इतिहास



पीएचडीसाठी किंवा एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही लॅबमध्ये रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात तुमच्या हातात एक कागद येईल. त्यावर दहा-पंधरा नियम छापलेले असतील. लॅब कोट घाला, गॉगल घाला, एकट्यानं काम करू नका, बाटलीवर लेबल लावा, किरकोळ अपघातही कळवा. खाली सहीची जागा. मी तो कागद न वाचताच सही केली होती. माझ्या बरोबरच्या सगळ्यांनीही तेच केलं. नियम वाचण्यापेक्षा फ्यूम हूडमधली आपली जागा कुठली, हे कळणं आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटत होतं.

आज त्या कागदाचा इतिहास बघू या. विज्ञानाचा इतिहास आपण शिकतो तो शोधांचा. अमुक साली अमुक मूलद्रव्य सापडलं, तमुक साली तमुक नियम मांडला गेला. त्या शोधांच्या पाठीमागे फुटलेल्या काचा, गेलेले डोळे आणि भाजलेले हात असतात, पण ते पाठ्यपुस्तकात फारसे येत नाहीत. मला या लेखात सांगायची आहे ती गोष्ट साधी आहे. भिंतीवरचा प्रत्येक नियम म्हणजे कुणाच्या तरी अपघाताची लिहून ठेवलेली आठवण असते. जो अपघात लिहिला गेला, त्याचा नियम झाला. जो लपवला गेला किंवा विसरला गेला, तो पुन्हा झाला.

पॅरिसहून आलेलं पत्र

सुरुवात १८११ पासून करू. पॅरिसमध्ये पिएर लुई ड्यूलाँग नावाचा एक तरुण रसायनशास्त्रज्ञ होता. विशिष्ट उष्णतेवरचा ड्यूलाँग-पेटिटचा नियम तुम्ही शिकला असाल, तोच हा ड्यूलाँग. अमोनियाच्या क्षारांवर क्लोरीनची क्रिया करताना त्याला एक पिवळा तेलकट द्रव मिळाला. आज आपण त्याला नायट्रोजन ट्रायक्लोराइड म्हणतो. हा पदार्थ थोड्याशा धक्क्यानं किंवा उष्णतेनं फुटतो. या संशोधनात ड्यूलाँगचा एक डोळा गेला आणि हाताची बोटंही गेली.

ड्यूलाँगनं हे काम तेव्हा लगेच छापलं नाही. पण अँपिअरला त्याची माहिती होती. हो, विद्युतप्रवाहाच्या एककाला ज्याचं नाव आहे तोच. १८१२ मध्ये अँपिअरनं लंडनला हम्फ्री डेव्हीला पत्र लिहिलं, आणि त्यात या स्फोटक द्रवाचा आणि शोधणाऱ्याला झालेल्या इजेचा उल्लेख केला. मात्र तो पदार्थ कसा बनतो, किती बनवला होता, नेमका कशामुळे फुटला, यातलं काहीच पत्रात नव्हतं.

आता डेव्हीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तो युरोपातल्या सर्वांत नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञांपैकी एक. त्याच्यापर्यंत बातमी पोचली ती अर्धीच: असा एक पदार्थ आहे आणि तो धोकादायक आहे. तपशील नाही. साहजिकच त्यानं तो स्वतः बनवून पाहिला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्याच्या हातातली नळी फुटली आणि काचेचे तुकडे डोळ्यात गेले. काही काळ त्याला नीट लिहिता-वाचता येईना.

डेव्हीनं यानंतर जे केलं ते महत्त्वाचं आहे. त्यानं रॉयल सोसायटीला पत्र पाठवून या पदार्थाची सगळी हकिकत कळवली. ती लवकरात लवकर जाहीर व्हावी, कारण या पदार्थावर प्रयोग करणाऱ्यांना मोठा धोका आहे, असं त्यानं स्वतःच त्यात म्हटलं. म्हणजे शोध आणि इशारा एकाच लेखात. आज शोधनिबंधाच्या प्रयोग विभागात 'सावधान, हा पदार्थ स्फोटक आहे' अशी ओळ दिसली, की तिची परंपरा किती जुनी आहे ते आठवा.

या अपघाताचा एक परिणाम तुम्हाला ऐकून माहीत असेल. डोळे दुखावलेल्या डेव्हीला लेखनिक हवा होता, म्हणून पुस्तकबांधणीचं काम शिकलेल्या एका तरुणाला काही दिवस बोलावलं गेलं. त्याचं नाव मायकेल फॅरेडे. पुढे १८१३ च्या सुरुवातीला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या लॅबच्या मदतनिसाला भांडणामुळे काढून टाकलं आणि ती नोकरी फॅरेडेला मिळाली. एवढी गोष्ट सगळे सांगतात. पण तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. नोकरीला लागून जेमतेम महिना झाला असताना, एप्रिल १८१३ मध्ये, फॅरेडेनं आपल्या मित्राला पत्रात कळवलं की याच द्रवाच्या चार स्फोटांतून तो वाचला. पूर्ण सुखरूप नाही. एका स्फोटात बोटाच्या नखाचा भाग उडाला. तेव्हा त्यानं आणि डेव्हीनं, दोघांनीही तोंडावर मुखवटे चढवले होते. डेव्हीच्या कपाळावर जोराचा मार बसला, हनुवटीला जखमा झाल्या.

ड्यूलाँगकडे मुखवटा नव्हता, त्याचा डोळा गेला. डेव्हीला अर्धी बातमी मिळाली, त्याचे डोळे थोडक्यात वाचले. फॅरेडेच्या वेळेपर्यंत माहिती आणि मुखवटा दोन्ही हाताशी होतं, त्यामुळे तो नखावर निभावला. पदार्थ तोच होता. फरक पडला तो आधीच्या माणसाचं काय झालं हे नंतरच्याला किती माहीत होतं याचा. तुमच्या लॅबमधल्या फेस शील्डकडे या नजरेनं एकदा बघा.

तीच चूक, एकशे तीस वर्षांनी

माहिती एकदा लिहिली म्हणजे काम झालं, असंही नाही. ती टिकावी लागते, आणि योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोचावी लागते. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण डायमिथाइलमर्क्युरीचं आहे.

हा पाऱ्याचा सेंद्रिय संयुगातला एक द्रव. रंगहीन, सहज उडणारा. १८६० च्या दशकात तो बनवण्याची पद्धत नवीन होती. १८६५ च्या सुमारास लंडनमधल्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये यावर काम करणारे दोन सहायक विषबाधेनं आजारी पडले आणि दोघेही दगावले, एक लवकर आणि दुसरा बराच काळ अंथरुणाला खिळून. हॉस्पिटलच्या अहवालात ही नोंद छापली गेली. म्हणजे हा पदार्थ माणूस मारतो, आणि मेंदूवर हल्ला करून मारतो, हे एकोणिसाव्या शतकातच लिहिलेलं होतं.

आता १४ ऑगस्ट १९९६. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं डार्टमथ कॉलेज. रसायनशास्त्राच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान. त्यांचं संशोधनच मुळी विषारी धातूंवर होतं. क्रोमियम शरीरात गेल्यावर पेशींचं काय होतं यावर त्यांचं नाव होतं. त्या दिवशी त्या पाऱ्याच्या एनएमआर मापनासाठी संदर्भ नमुना तयार करत होत्या, आणि तेव्हा त्यासाठी डायमिथाइलमर्क्युरी वापरणं ही सर्वमान्य पद्धत होती. त्यांनी फ्यूम हूडमध्ये काम केलं. गॉगल होता, हातात लॅटेक्सचे ग्लोव्हज होते. पिपेटमधून एक-दोन थेंब ग्लोव्हवर पडले. त्यांनी जागा आवरली, ग्लोव्हज काढले, हात धुतले आणि काम पुढे चालू ठेवलं.

कुठला नियम मोडला त्यांनी? त्या काळच्या नियमांप्रमाणे एकही नाही.

लक्षणं दिसायला पाच महिने लागले. जानेवारी १९९७ मध्ये तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. रक्त तपासलं तेव्हा लिटरमागे ४,००० मायक्रोग्रॅम पारा निघाला. २०० च्या वर गेला की तो विषारी मानतात. केसांच्या तपासणीवरून हे विष एकाच दिवशी, एकदाच शरीरात गेलं होतं हे कळलं. त्या फेब्रुवारीत कोमात गेल्या आणि ८ जून १९९७ ला वारल्या. वय ४८.

त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लोव्हजची चाचणी करवून घेतली. हा द्रव लॅटेक्समधून पंधरा सेकंदांत किंवा त्याहूनही लवकर पार होतो, असं निघालं. म्हणजे ग्लोव्ह काढेपर्यंत तो त्वचेत शिरलेला होता. एवढी वर्षं जगभर लोक हा पदार्थ साध्या ग्लोव्हजवर हाताळत होते आणि कुठला ग्लोव्ह त्याला अडवतो हे कुणी मोजलेलंच नव्हतं.

इथे पुन्हा डेव्हीची आठवण येते. वेटरहान यांनी शुद्धीत असतानाच इतरांना सावध करा असं सांगितलं होतं. त्या कोमात असतानाच, मे १९९७ मध्ये, सहकाऱ्यांनी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांच्या साप्ताहिकात पत्र छापून सगळ्या जगाला कळवलं: हे ग्लोव्हज चालत नाहीत, दुसऱ्या प्रकारचे वापरा, आणि शक्यतो हा पदार्थच वापरू नका. पुढच्या वर्षी अमेरिकन सरकारच्या कामगार सुरक्षा विभागानं तशी सूचना काढली: आत बहुपदरी प्लॅस्टिकचे ग्लोव्हज, वर जाड ग्लोव्हज, आणि पर्याय असेल तर तो आधी बघा. आज रसायनांच्या सुरक्षापत्रकात 'कोणता ग्लोव्ह, किती मिनिटं टिकेल' असा रकाना असतो. तो रकाना तुम्ही वाचलाय का कधी? मी या प्रसंगाबद्दल कळेपर्यंत वाचलेला नव्हता. ग्लोव्ह म्हणजे ग्लोव्ह, असंच धरून चालत होते.

यातून माझ्यापुरता मी काढलेला अर्थ असा: नियम पाळणं गरजेचं आहे, पण नियम हे आजवर जे लिहिलं गेलं तेवढंच जाणतात. संशोधन म्हणजे जे अजून कुणी केलं नाही ते करणं. तेव्हा तुमच्या प्रयोगात कागदावर नसलेला धोका असण्याची शक्यता नेहमीच आहे.

सुट्टीतली लॅब आणि दहा ग्रॅम पावडर

पुढच्या दोन घटना अलीकडच्या, आणि त्यातली माणसं तुमच्या-माझ्या वयाची.

२९ डिसेंबर २००८. लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूसीएलए. नाताळची सुट्टी, लॅबमध्ये तुरळक माणसं. तेवीस वर्षांची एक संशोधन सहायक टर्शरी ब्यूटाइललिथियमचं द्रावण बाटलीतून काढत होती. हा पदार्थ हवा लागताच पेट घेतो. तिच्याकडे साठ मिलिलिटरची प्लॅस्टिकची सिरिंज होती आणि ती जवळजवळ भरेल एवढा द्रव काढायचा होता. दट्ट्या बाहेर निसटला, द्रव उडाला, आग लागली. अंगावर लॅब कोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. तो पेटला आणि वितळला. आपत्कालीन शॉवर काही पावलांवर होता, पण त्या गोंधळात कुणालाही तो आठवला नाही. सिंकमधून पाणी घेऊन तिच्यावर ओतलं गेलं. अठरा दिवसांनी, १६ जानेवारी २००९ ला ती गेली. लॅबमध्ये काम सुरू करून तिला तीन महिनेही पूर्ण झाले नव्हते.

या लॅबची तपासणी ऑक्टोबर २००८ मध्येच झाली होती. लोक लॅब कोट घालत नाहीत, ही नोंद तेव्हाच झालेली होती. कागद होता, शेरा होता, कृती झाली नव्हती. नंतर खटला झाला. विद्यापीठातल्या लॅब अपघातावरून प्राध्यापकावर फौजदारी आरोप ठेवले जाण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ मानली जाते. त्या खटल्यातून विद्यापीठाला जे बदल करावे लागले, त्यामुळे तिथे कोट घालणं, ज्वलनशील पदार्थांसाठी न पेटणारा कोट देणं, प्रशिक्षणाची नोंद ठेवणं हे सगळं सक्तीचं झालं.

दुसरी घटना ७ जानेवारी २०१० ची, टेक्सास टेक विद्यापीठातली. एक पीएचडी विद्यार्थी निकेल हायड्रझीन परक्लोरेट या स्फोटक पदार्थावर काम करत होता. या पदार्थाची कमाल १०० मिलिग्रॅम एवढीच बॅच करायची, असं त्या गटात ठरलेलं होतं. पण ते तोंडी. कुठे लिहिलेलं नव्हतं. दरवेळी नवीन बॅच बनवायला नको, सगळ्या चाचण्या एकाच मालावर होतील, म्हणून सुमारे दहा ग्रॅम बनवला गेला, म्हणजे शंभरपट. पावडरीत गुठळ्या होत्या म्हणून त्यानं खलबत्त्यात घेऊन त्या हळूहळू फोडल्या. काम झालं असं समजून गॉगल काढला. मग पुन्हा एकदा ढवळायला गेला. त्याची तीन बोटं गेली, डोळ्यालाही इजा झाली.

अमेरिकेतल्या रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळानं याचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यापीठातल्या लॅबची एवढी सविस्तर चौकशी त्यांनी पहिल्यांदाच केली होती. त्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. याच संशोधन गटात आधी असेच प्रसंग घडले होते, ज्यात सुदैवानं कुणाला लागलं नव्हतं. 'वाचलो बाबा' म्हणून ते तिथेच संपले. त्यांची नीट नोंद झाली नाही, नवीन आलेल्यांना ते सांगितले गेले नाहीत.

संशोधनाला येणाऱ्यांनी यातून आणखी एक लक्षात ठेवावं. प्रमाण वाढवणं म्हणजे नवा प्रयोग. १०० मिलिग्रॅमला सुरक्षित असलेली कृती दहा ग्रॅमला सुरक्षित असेलच असं नाही. उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, फुटलं तर ऊर्जा कितीतरी जास्त असते. 'मागच्या वेळी काही झालं नाही' हे वाक्य मागच्या वेळच्या प्रमाणापुरतंच खरं असतं.

हे सगळं अमेरिकेतलं, असं म्हणून सोडू नका. यूसीएलएच्या अपघाताला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, २९ डिसेंबर २००९ ला, मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रसायनशास्त्राच्या लॅबला लागलेल्या आगीत दोन तरुण संशोधक गेले. डिसेंबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेल्या स्फोटात एक संशोधक गेला आणि तिघे जखमी झाले.

मायापुरीचं भंगार

अपघात विसरला की काय होतं ते पाहिलं. आता लॅबमधली एखादी वस्तूच विसरली गेली तर काय होतं ते बघा.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागानं १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातून एक गॅमा विकिरण यंत्र आणलं होतं. नाव गॅमासेल २२०. आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी स्रोत, भोवती शिशाचं जाड आवरण. वर्षानुवर्षं त्यावर संशोधन झालं. १९८५ नंतर ते वापरात राहिलं नाही. वापरणारे निवृत्त झाले. यंत्र खोलीत पडून राहिलं आणि त्याच्याबरोबरची माहिती हळूहळू नाहीशी झाली.

फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठानं जुनं सामान लिलावात काढलं, त्यात हे यंत्रही गेलं. ते पोचलं मायापुरीच्या भंगार बाजारात. भंगारवाल्यांना त्यात शिसं दिसलं, चांगला धातू दिसला. त्यांनी ते तोडलं. आतल्या कोबाल्टच्या कांड्या हातोहात फिरल्या. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडायला लागली. केस गळणं, त्वचा काळी पडणं, उलट्या. एका कामगाराचा महिन्याअखेरीस मृत्यू झाला, आणखी काही जणांना गंभीर इजा झाली.

ज्यानं जीव गमावला त्यानं कुठल्याही लॅबमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. त्यानं कुठल्याही कागदावर सही केली नव्हती. आपण लॅबमध्ये जे विसरतो त्याची किंमत कधीकधी लॅबच्या बाहेरचा माणूस देतो. तुम्ही पीएचडी संपवून जाल तेव्हा फ्रीजमध्ये 'एसके-४७, भाग २' एवढंच लिहिलेली बाटली सोडून जाऊ नका. तुमच्यासाठी ते पुरेसं लेबल असतं. तुमच्यानंतरच्यासाठी ते फक्त एक कोडं असतं, आणि लॅब साफ करणाऱ्या मामांसाठी तर तेही नाही.

माझी बाटली

इतका उपदेश केल्यावर स्वतःबद्दलही सांगायला हवं.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी काचसामान धुतल्यानंतर उरलेलं नायट्रिक ॲसिड मी एका वेस्ट बाटलीत ओतलं. बाटली 'रिकामी' होती, म्हणजे तळाशी थोडं अल्कोहोल उरलेलं होतं. मी झाकण घट्ट लावलं, बाटली हूडमध्ये ठेवली, काच खाली ओढली आणि चहाला गेले. अर्ध्या-पाऊण तासानं परत आले तर हूडमध्ये तपकिरी धूर, झाकण उडालेलं आणि सगळीकडे ॲसिड. नायट्रिक ॲसिड सेंद्रिय द्रावकाशी क्रिया करतं, सुरुवातीला सावकाश आणि मग एकदम. वायू तयार होतात, आणि झाकण बंद असलं की बाटलीचा बॉम्ब होतो. पुस्तकात हे आहे. मीही ते कधीतरी वाचलेलं होतं.

मी हूड साफ केला. कुणाला लागलं नव्हतं, काही महागाचं तुटलं नव्हतं. सर प्रोजेक्टच्या अहवालात गुंतलेले होते आणि मला ओरडा खायचा नव्हता. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलीनं तेच केलं. फरक इतकाच की तिनं बाटली हूडमध्ये न ठेवता टेबलावर ठेवली, आणि ती शेजारीच उभी होती. बाटली फुटली. गॉगल होता म्हणून डोळे वाचले. भुवईच्या वर चार टाके पडले. दवाखान्यात तिच्याजवळ बसले असताना ती मला म्हणाली, "ताई, असं होऊ शकतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

मी तिला तेव्हा उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं, तीन आठवड्यांपूर्वीचंही. ते ओरडले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "तू त्या दिवशी सांगितलं असतंस तर ग्रुप मीटिंगची पाच मिनिटं गेली असती." आज आमच्या लॅबमध्ये नायट्रिक ॲसिडची वेस्ट बाटली वेगळी असते, तिला वायू बाहेर सोडणारं झाकण असतं आणि वर तारखेसकट लेबल असतं. नवीन आलेल्यांना तो नियम जरा अतिरेकी वाटतो. तो का आहे, हे मी दरवर्षी त्यांना स्वतः सांगते. सोपं जात नाही.

मग तुम्ही काय कराल?

नव्या लॅबमध्ये गेलात की पहिल्या आठवड्यात सिनियरना एक प्रश्न विचारा: "इथे आतापर्यंत काय काय बिघडलंय?" नियमांच्या कागदापेक्षा या उत्तरातून तुम्हाला जास्त कळेल. कुठला पंप दगा देतो, कुठल्या ओव्हनचा थर्मोस्टॅट अडकतो, कुठल्या प्रयोगाच्या वेळी एकदा सगळे बाहेर पळाले होते. लॅबच्या मामांनाही विचारा. विद्यार्थी चार-पाच वर्षांत जातात, मामा वीस वर्षं तिथेच असतात. त्यांना लॅबचा इतिहास पाठ असतो, पण त्यांना विचारायला कुणी जात नाही.

नवीन पदार्थ हातात घेण्याआधी सुरक्षापत्रक वाचाच, ग्लोव्हचा रकाना धरून. पण तेवढ्यावर थांबू नका. त्या पदार्थाच्या नावासोबत 'अपघात' हा शब्द घालून एकदा शोधा. वीस मिनिटं जातील. शॉवर कुठे आहे ते फक्त बघून ठेवू नका, डोळे मिटून तिथपर्यंत चालून पाहा. आग लागल्यावर माणूस विचार करत नाही, सवयीनं हालचाल करतो.

थोडक्यात वाचलात तर तेही नोटबुकमध्ये लिहा. तारीख, वेळ, प्रमाण, काय केलं, काय झालं. फसलेला प्रयोग आपण लिहितो, कारण तोही निष्कर्ष असतो. फुटलेली बाटलीसुद्धा निष्कर्षच आहे. मग ते ग्रुपमध्ये सांगा. आणि पुढे तुम्ही स्वतः सिनियर झालात, गाइड झालात, आणि एखादा घाबरलेला ज्युनियर तुमच्याकडे असं काही सांगायला आला, तर पहिल्या वाक्यात त्याच्यावर ओरडू नका. एकदा ओरडलात की पुढची बातमी तुमच्यापर्यंत येणार नाही, आणि ती न आल्याचा खर्च तिसराच कुणीतरी भरेल.

रुजू होताना तो कागद हातात येईल तेव्हा सही करण्याआधी प्रत्येक नियमाशी जरा थांबा आणि विचारा, हा कुणामुळे आला असेल? बहुतेक वेळा नाव कळणार नाही. आमच्या लॅबच्या कागदावरचा अकरावा नियम नायट्रिक ॲसिडच्या बाटलीबद्दल आहे. तो कुणामुळे आला ते आता तुम्हाला माहीत आहे.

तुमच्याही लॅबमध्ये असं काही घडलं असेल तर ते निदान शेजारच्या टेबलावरच्याला तरी सांगा. आजच.